तळाला केसर, वर माचा

मे महिन्यात लेक पुण्याहून सुटीला आली, तेव्हा तिच्या बॅगेत ओढणीच्या घडीत गुंडाळलेला एक चपटा डबा होता. ३० ग्रॅम माचा, म्हणजे जपानी हिरव्या चहाची बारीक पूड. झाकण उघडलं आणि मी बघतच राहिले. पहिला पाऊस पडून आठ-दहा दिवस झाले की मुगाचं रान जसं दिसतं, अगदी तसा हिरवा. वास ओल्या पाल्याचा.

मला लगेच माझी जानेवारीतली खरेदी आठवली. लेकीने फोनवर माचा लाटेच्या तीनरंगी ग्लासाचा फोटो पाठवला होता, खाली फळ, मध्ये दूध, वर हिरवा चहा. हे घरी करायचंच असं माझ्या मनाने घेतलं आणि मी १०० ग्रॅमचं एक स्वस्त पाकीट मागवलं. ते उघडलं तर पूड पिवळट, मळकी, आणि वास सरळ कडब्याचा. दोन दिवस खटपट केली, मग ते कपाटात मागे गेलं. तेव्हा वाटलं होतं, आपल्यालाच जमत नाही. आता दोन्ही पुडी शेजारी ठेवून बघितल्यावर कळलं की निम्मी चूक मालाची होती.

साध्या चहात आपण पत्ती उकळतो आणि चोथा टाकून देतो. माचात पान पूर्णच्या पूर्ण पोटात जातं, त्यामुळे पान जुनं असो, उन्हातलं असो, ते लपत नाही. तोडणीआधी साधारण तीन आठवडे चहाच्या झुडपांवर सावली धरतात. ऊन तोडलं की पान हिरवेपणा वाढवतं, तुरटपणा कमी राहतो आणि चव भरते. मग पानं वाफवून, वाळवून, देठ आणि शिरा काढून उरलेला गर दगडी जात्यावर दळतात. जातं इतकं सावकाश फिरवतात की तासाभरात जेमतेम ४० ग्रॅम पीठ पडतं. जोरात फिरवलं तर जातं तापतं आणि चव जाते. म्हणजे लेकीच्या डब्यात कुठल्या तरी जात्याचा पाऊण तास होता. हे समजल्यापासून मी तो डबा पोह्यांच्या डब्याशेजारी ठेवणं बंद केलं. घट्ट झाकणाने फ्रिजमध्ये, आणि काढला की खोलीच्या हवेला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत ओल धरते.

आम्ही राहतो लातुरात. माहेर औसा तालुक्यात, घरी दादांची, म्हणजे वडिलांची, केसर आंब्याची बाग. केसर मूळचा जुनागढकडचा, पण आमच्या कोरड्या हवेला तो असा काही मानवला की २०१६ मध्ये मराठवाड्याच्या केसरला स्वतःचं भौगोलिक मानांकन मिळालं. दादांनी झाडं लावली तेव्हा सगळं गाव सोयाबीनमागे होतं. आज मोठं, बिनडागी फळ व्यापाऱ्याला जातं आणि डागी, वेडंवाकडं, पाखरांनी चोच मारलेलं घरी राहतं. मी म्हणेन चवीला तेच उजवं. त्या डागी आंब्यांची एक पाटी आणि तो डबा, दोन्ही एकाच आठवड्यात स्वयंपाकघरात आल्यावर मला राहवेना.

पहिल्या दिवशी मी पाणी खळखळ उकळलं, कपात दोन चमचे माचा टाकला, वर पाणी ओतलं आणि चमच्याने ढवळलं. गुठळ्याच गुठळ्या. बाहेरून ओल्या, आत कोरडी पूड. एक गुठळी दाताखाली फुटली आणि कारल्याची आठवण झाली. उकळत्या पाण्याने माचा भाजल्यासारखा होतो, रंग पिवळसर पडतो आणि कडवटपणा पुढे येतो. पाणी ७५ ते ८० अंशांच्या आसपास हवं. घरात तापमापी फक्त तापाची. म्हणून मी उकळलेलं पाणी एका स्टीलच्या पेल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात ओतते आणि मग पाचेक मिनिटं थांबते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४१-४२ ला असतो, पाणीसुद्धा निवायला वेळ घेतं. थंडीच्या दिवसांत दोनच मिनिटं पुरतात.

गुठळ्यांवरचा उपाय मात्र पिठल्याचाच निघाला. बेसन एकदम पाण्यात सोडलं तर गुठळ्या होणारच, आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यावं लागतं. तसंच केलं. माचा आधी चहाच्या बारीक गाळणीतून चमच्याच्या पाठीने दाबून चाळला. पिठाची चाळणी जाड पडते, त्यातून बारीक गोळ्या तशाच खाली उतरतात. मग दोन चमचे कोमट पाणी घालून लेप केला, अगदी गंध उगाळल्यासारखा गुळगुळीत. त्यानंतर उरलेलं पाणी. जपानमध्ये हे घुसळायला बांबूच्या एकाच कांडीला चिरून कितीतरी बारीक काड्या काढलेली कुंचली असते, तिला चासेन म्हणतात. माझ्याकडे ताकाची लहान रवी होती. उभट कपात ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवली तर वर बारीक फेस आला. फेस चासेनइतका मऊ नसेल, पण थरासाठी पुरेसा होता. रवी नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत घालून जोरात हलवावं, तेही चालतं.

आणखी एक. आमच्या बोअरचं पाणी जड आहे, भांड्यावर पांढरे थर धरतं. त्यात केलेला माचा निस्तेज दिसला, चव मेल्यासारखी. शुद्ध केलेल्या पाण्यात केला तर रंग लगेच उघडला.

इथवर दोन दिवस गेले होते. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, आता ग्लास भरायचा. आमरस तयारच होता, जेवणातला, पाणी आणि थोडं दूध घालून सैल केलेला. तो तळाला घातला. दुधात दोन चमचे साखर ढवळली, कारण लाटे म्हणजे शेवटी दुधाचा चहाच ना, बिनसाखरेचं दूध कुणाला द्यायचं. बर्फ घातला, दूध ओतलं, वर माचा. आणि डोळ्यांदेखत सगळं एकमेकांत शिरलं. आंबा वर आला, हिरवं खाली गेलं, दोन मिनिटांत ग्लासात शेवाळी रंगाचं काहीतरी उरलं. लेक म्हणाली, "आई, हळू ओतायचं असतं." दुसरा ग्लास इतका हळू ओतला की हात अवघडला. तेच. तिसरा, तेच.

ते तिन्ही ग्लास आम्ही प्यायलो. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं ते याच लातुरात. तेव्हा भाजी धुतलेलं पाणी झाडाला, आणि तांदळाचं धुवण बादलीत, अशी सवय लागली ती गेलेली नाही. माझ्या हाताने मोरीत काही ओतलं जात नाही, दूध तर नाहीच.

दुसऱ्या दिवशी दादा आणि माय बाजाराच्या कामाने लातूरला आले, दुपारी घरी थांबले. माझं चाललेलं बघून मायने विचारलं, "हे हिरवं काय घाललालीस गं दुधात?" मी सांगितलं. दादा मात्र न बोलता ग्लासाकडे बघत होते. मग म्हणाले, "दुधात साखर घातलीस का?"

"हो."

"मग कसं थांबल ते वर? दूध जड झालं की."

दादांनी पंधरा-वीस वर्षं गावच्या संकलन केंद्रावर दूध घातलंय. तिथे रोज लॅक्टोमीटर, म्हणजे दुधाचा जडपणा मोजणारी काचेची नळी, बुडवतात आणि डिग्री बघतात. चांगल्या दुधाची डिग्री २८ ते ३० च्या घरात लागते. म्हणजे लिटरभर पाणी १००० ग्रॅम भरलं तर तेवढंच दूध १०२८ ते १०३० ग्रॅम भरतं. दुधात पाणी घातलं की काचेची नळी खाली जाते, डिग्री उतरते, चोरी सापडते. मग काही लोक काय करायचे, पाणी घालून वर साखर विरघळवायचे. साखरेने दूध पुन्हा जड होतं आणि नळी वर येऊन डिग्री जुळते. दादांना ही लबाडी इतकी पाठ होती की माझ्या ग्लासात काय बिघडलंय ते त्यांनी बसल्या जागी ओळखलं. माझा आमरस पाणी घालून हलका झालेला, दूध साखरेने जड झालेलं. दोघांचं वजन जवळजवळ सारखं. थर बसणार कसा?

मला ते ऐकून अंगावर काटा आला, खरंच. कालपासून मी हाताला दोष देत होते. हळू ओतणं लागतंच, पण त्याआधी वजन जुळलं पाहिजे. सगळ्यात जड तळाला, त्याहून हलकं मध्ये, सगळ्यात हलकं वर. माचा म्हणजे नुसतं पाणी आणि पान, तो बिनसाखरेच्या दुधापेक्षा हलकाच. दूध मध्ये. आणि गोड जेवढं घालायचं तेवढं सगळं फळात, एक कणही दुसरीकडे नाही. मी दुधातली साखर काढून आंब्यात घातली, एवढाच फरक, आणि त्या दुपारी पहिल्यांदा थर उभा राहिला.

आंब्याचं कसं केलं ते नीट सांगते, कारण खरी मेहनत तिथे आहे. तीन मध्यम केसर, पूर्ण पिकलेले, देठापाशी दाबल्यावर दबणारे. गर काढून पाणी न घालता पुरणयंत्रातून काढला, म्हणजे रेषा राहिल्या नाहीत. वाटीभर गर म्हणजे साधारण २५० ग्रॅम भरला. त्यात पन्नासेक ग्रॅम साखर, बोटाच्या चिमटीएवढं मीठ. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सात-आठ मिनिटं, उलथन्याने सतत हलवत. तो आधी सैल होतो, मग कडेने बुडबुडे येतात, मग उलथनं फिरवल्यावर मागे वाट उमटते आणि क्षणभर मिटत नाही. तिथे गॅस बंद. आणखी आटवला तर साटोरीच्या सारणाकडे जातो आणि नळीतून वर येत नाही. निवल्यावर फ्रिजमध्ये चार तास. कोमट गरावर बर्फ घातला तर बर्फ वितळून तळालाच पाणी साचतं आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं.

गरात एखादा कच्चा आंबा मिसळला गेला तर दुधाला तो चालत नाही. एक आंबा आंबट निघाला होता, तो मी तसाच ढकलला, तर दूध आणि गर जिथे भेटतात तिथे बारीक कणी धरली. दूध आंबटाला फाटतं हे आपण पनीर करताना रोज बघतो, इथे विसरायला होतं.

दूध म्हशीचं, तापवून थंड केलेलं, साय पूर्ण काढून पुन्हा गाळलेलं. सायीचा तुकडा राहिला तर तो मध्ये तरंगतो आणि माचाचे ओघळ त्याला चिकटतात. गाईच्या दुधाचा करून बघितला, तो चांगलाच लागतो, पण म्हशीच्या दुधात जो पांढरेपणा आहे त्यापुढे हिरवा आणि केशरी अधिक उठून दिसतात.

आता ग्लास. मोठा, सरळ उभा, पारदर्शक काचेचा. चार मोठे चमचे आंबा तळाला. ग्लासाच्या कडेला लागू न देता चमचा खोल नेऊन सोडायचा, नाहीतर काचेला केशरी डाग राहतात. मग ग्लास तोंडापर्यंत बर्फाने भरायचा. हा बर्फ केवळ थंडाव्यासाठी नाही. वरून पडणारी धार बर्फावर आपटते, फुटते आणि जोर गमावून खाली झिरपते. बर्फ कमी पडला की धार सरळ तळ गाठते आणि आंबा उसळतो. मे महिन्यात दुपारी दोन-दोन तास लाइट जाते, ट्रे अर्धवट गोठतात, तेव्हा मी नाद सोडून देते. बर्फाच्या गाडीवरचा बर्फ पेयात घालायचा नाही, हे लेकीलाही बजावलंय.

दूध १५० मिली, बर्फाच्या खड्यावर धार धरून. दूध आंब्यावर टेकतं तिथे एक पातळ पिवळी रेघ तयार होते, ती मला फार आवडते. मग अर्धा मिनिट हात थांबवायचा. ग्लासातली हालचाल शांत होऊ द्यायची. शेवटी ५० मिली पाण्यात घुसळलेला २ ग्रॅम माचा, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, निवलेला. गरम माचा बर्फ वितळवून भोक पाडत खाली जातो. सर्वांत वरच्या खड्याला चमच्याची पाठ टेकवायची आणि त्या पाठीवरून माचा सोडायचा. हिरवं आधी पसरतं, मग त्यातून बारीक मुळ्यांसारखे धागे दुधात उतरतात आणि मध्येच थबकतात. ते धागे बघायला माय खुर्ची ओढून ओट्यापाशी बसली होती.

प्यायच्या वेळी तिने विचारलं, "एवढे थर लावून आता ढवळायचंच?" लेक म्हणाली, "आज्जी, ढवळूनच पितात." माझंही तेच मत आहे. वरचा माचा एकटा प्यायला कडसर आहे आणि तळाचा आंबा एकटा जास्तच गोड, दोन्ही एकमेकांसाठी तसे ठेवलेले असतात. दादांनी मात्र नाही ढवळलं. आधी हिरवं, मग दूध, आणि शेवटी चमचा मागून घेऊन तळाचा आंबा बर्फासकट खाल्ला. "वरचं औषधावाणी हाय," म्हणाले, "पन त्यानं आंबा लई गोड लागलाला."

दादांना रात्री तो देत नाही. २ ग्रॅम माचात साठेक मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतं, आपल्या कडक चहाच्या कपाहून कमी नाही. लेकीलाही एक गोष्ट सांगावी लागली. तिचं हिमोग्लोबिन कमी आहे, लोहाच्या गोळ्या चालू आहेत. चहातला तुरट अंश लोह अंगी लागू देत नाही, आणि माचा चहाच आहे. म्हणून जेवण आणि गोळी यांपासून दोन तास लांब, दुपारी चारला, असा नेम लावला.

जूनमध्ये आंबा संपला. मला वाटलं, आता जालन्याची मोसंबी. रस आटवून साखर घालून बघितला, तळाला सुंदर सोनेरी बसला, आणि दूध टेकताच फाटलं. ते व्हायचंच होतं, पण इतक्या मोसंब्या घरात बघून मोह झाला. मोसंबीवर दूध घालूच नये. रस, बर्फ आणि वर माचा, असा दोन थरांचा करावा, तो उन्हात खरोखर चांगला लागतो. पपई न शिजवता घातली तर तिच्यातल्या पाचकद्रव्याने दूध थोड्या वेळात कडवट होतं. ती शिजवून घेतली की चालते, पण चवीला मला ती माचापुढे फिकी वाटली.

दसऱ्याला अंबाजोगाईहून नणंदेने सीताफळं पाठवली, बालाघाटाच्या डोंगरातली. लहान, डोळे उघडलेली, आत गर कमी पण साखरेसारखा रवाळ. बीडच्या सीताफळालाही मानांकन आहे, आणि ज्याने डोंगरातलं खाल्लंय त्याला ते का, हे विचारावं लागत नाही. सवयीने मी गर गॅसवर ठेवायला निघाले, तर सासूबाईंनी हात धरला. सीताफळ शिजवलं की कडू होतं. त्यांच्या सांगण्यावरून गर कच्चाच ठेवला. बिया काढायला मात्र तास गेला. गर मोठ्या भोकाच्या चाळणीवर हाताने चोळला, मिक्सर नाही, कारण एक बी जरी फुटली तरी चव जाते. त्यात फक्त एक चमचा पिठीसाखर, गार केला आणि लगेच ग्लासात.

दिसायला तो आंब्यासारखा नाही. तळ पांढरा, दूध पांढरं, दोन थर कुठे संपतात ते डोळ्याला कळतच नाही, फक्त वर हिरवं. फोटो काढून लेकीला पाठवला तर तिने विचारलं, फळ कुठंय? पण ढवळून पहिला घोट घेतला आणि मी सासूबाईंकडे बघितलं, त्या माझ्याकडे. माचाचा पालेदारपणा आणि सीताफळाचा वास असे काही जुळले की आंब्याच्या बाजूने एवढं लिहूनही मी या ग्लासाला वर ठेवते. नळी वापरू नये, रवा अडकतो. चमच्यानेच घ्यावा.

डब्यात आता शेवटचे दोन चमचे आहेत. रंग किंचित उतरलाय, उघडून पाच महिने झाले. दिवाळीला लेक येईपर्यंत सीताफळ टिकलं पाहिजे, म्हणून चार फळं मी धान्याच्या कोठीत न ठेवता वर माळ्यावर पसरून ठेवलीत, अजून टणक आहेत.